मामाच्या घरचे कडे

आमच्या नानयाव गावात एखादे मूल बारा वर्षांचे होत आले की त्याच्या आजोळची माणसे आधी फंगयिंगच्या दारात येतात. खांद्यावर पिठाची पिशवी असते. ती खाली ठेवून म्हणतात, "भाच्याचं कुलूप उघडायचंय. तेवढं कडं करून दे." फंगयिंग चिमूटभर पीठ जिभेवर ठेवते आणि आधी खोड काढते. गहू ओलाच दळला, पिशवीला रॉकेलचा वास आहे, तुमच्याकडचं पीठ गेल्या साली बरं होतं, असे काहीही. समोरचा माणूस मान खाली घालून ऐकून घेतो. ऐकून घेतले नाही, तर ती पिशवी उचलून पुन्हा त्याच्या खांद्यावर ठेवायला कमी करणार नाही, हे सगळ्यांना ठाऊक आहे.

मी तिच्या समोरच्या घरात राहते. या गल्लीत सून म्हणून मी तिच्या जरा आधी आले, म्हणून ती मला सूयुनताई म्हणते आणि हवे तेव्हा कामाला जुंपते.

मूल जन्मले की त्याच्या गळ्यात आम्ही एक छोटे कुलूप अडकवतो, म्हणजे त्याचा जीव घर सोडून कुठे जाऊ नये. बाराव्या वाढदिवसाला ते उघडतात, आणि त्याच वेळी आजोळहून आलेले कणकेचे मोठे वाफवलेले कडे मुलाच्या डोक्यावरून गळ्यात उतरवतात. कड्यावर उंदरापासून डुकरापर्यंत आमच्या पंचांगातल्या बारा वर्षांची, वर्षाला एक अशी, बारा जनावरे बसलेली असतात. पीठ आजोळचे लागते आणि आणायला मामा लागतो. हात मात्र कुणाचाही चालतो, आणि आमच्या भागात तो हात फंगयिंगचाच असतो. तिचा हात लपत नाही. तिचा वाघ नाक मुरडलेला असतो, आत्ताच कुणाशी तरी भांडून आल्यासारखा. मला विचाराल तर तो तिच्यावरच गेला आहे.

तिच्या चुलीपाशी पोरांची कायम गर्दी. फुकट कुणाला बसू देत नाही. एकाला कात्री देते, कणकेच्या गोळ्याला टोके काढून साळिंदर कर म्हणते. दुसऱ्याला जुना कंगवा देते, पाकोळीच्या पंखांवर रेघा ओढ म्हणते. तिसऱ्याने डोळ्यांसाठी काळे घेवडे निवडायचे. आणि हे चालू असताना गोष्ट. म्हाताऱ्या आजीचे कपडे घालून वाघीण दार वाजवते आणि आतली बहीण विचारते, आजी, तुझे हात इतके केसाळ कसे? हे सांगताना फंगयिंग स्वतःचा पिठाने माखलेला हात पोरांच्या नाकासमोर धरते. धाकटी पोरे किंचाळत माझ्या मांडीवर येऊन पडतात. गोष्ट संपेपर्यंत वाघाचा कान तोडून खायचा नाही, असा तिचा नियम. मी चाळिशी ओलांडलेली बाई, मलाही पहिला कान कधी मिळाला नाही.

एवढे सगळे इतरांच्या पोरांसाठी. तिच्या स्वतःच्या चुनशंगच्या वाट्याला काय यायचे ते आता सांगते.

फंगयिंगचे आईवडील ती लहान असतानाच गेले. थोरल्या भावाने, मानथांगने तिला वाढवले. नदीपलीकडच्या हचिया गावात त्यांचे घर. तिने कुणाच्या घरी जायचे हे त्याने आपल्या मित्राला शब्द देऊन ठरवून टाकले होते. तिला विचारायचे राहून गेले. तिकडे वीटभट्टीवर दूरच्या हनान प्रांतातून आलेला एक उंच, लाजरा माणूस काम करायचा. थान त्याचे नाव. फंगयिंग त्याच्याशी लग्न करून नदी ओलांडून आमच्या गल्लीत आली. मानथांग एवढेच म्हणाला, "माझा उंबरा तुला नाही." आणि तो शब्दाचा पक्का निघाला. अशा बाबतीत पुरुष फार पक्के असतात.

काही वर्षांनी मानथांगची बायको तापाने गेली. मूलबाळ नव्हते. फंगयिंग सुतकाचा पांढरा कपडा बांधून गेली, उंबऱ्याबाहेर उभी राहिली, तिथूनच वहिनीला वाकून नमस्कार केला. त्याने आत ये म्हटले नाही आणि जा म्हटले नाही. ती परत आली आणि त्या दिवशी चूल पेटली नाही.

सातव्या महिन्याच्या पौर्णिमेला आमच्याकडे मामा भाच्याला मेंढी पाठवतो. पूर्वी खरी पाठवायचे, आता कणकेची. पुढचे पाय दुमडून बसलेली, पाठीवर कात्रीने काढलेली लोकर, कपाळावर लाल ठिपका. त्याच्या आधीचे दोन-तीन दिवस फंगयिंगच्या घरात पाय ठेवायला जागा नसते. कांगवर, म्हणजे खालून चुलीची धग फिरणाऱ्या आमच्या विटांच्या ओट्यावर, एरवी माणसे झोपतात. त्या दिवसांत तिथे रजईखाली नुसत्या मेंढ्या फुगत पडलेल्या असतात. सगळ्या गावच्या मामांच्या मेंढ्या. चुनशंगच्या मामाची त्यात कधी नव्हती.

मी एकदा न राहवून म्हटले होते, "इतक्यांत एक जास्त झाली म्हणून काय बिघडलं? दे पोराला आणि मामाकडची म्हण."

"मामाची मेंढी आईनं केली तर तो नुसता पाव असतो, ताई," ती म्हणाली. "पाव त्याला रोज मिळतो."

ज्या वर्षी चुनशंग बारा वर्षांचा होणार होता, त्या वर्षीच्या मेंढ्यांच्या वेळी माझी धाकटी हट्टाला पेटली की मेंढीची गोष्ट हवी. फंगयिंगने कणीक मळता मळताच सांगितली.

"डोंगरावर एक देवी राहायची. तिनं एका साध्या माणसाशी लग्न केलं. थोरल्या भावाला विचारलं नाही. भाऊ मोठा देव. त्याला राग आला, त्यानं बहिणीला डोंगराखाली कोंडलं. तिचा मुलगा मोठा झाला, कुऱ्हाड घेऊन आला, डोंगर फोडला, आईला बाहेर काढलं. मग मामावर कुऱ्हाड उगारली, तर आईच मध्ये पडली. म्हणाली, मारू नको. त्यानं दरवर्षी भाच्याला मेंढी द्यावी, तेवढं पुरे मला."

"म्हणजे मामा वाईट," माझी धाकटी म्हणाली.

"मामा आहे तो."

"हो, पण चांगला का वाईट?"

"तू आधी त्या मेंढीचे कान दाब. सुटायला लागलेत."

पोरीने कान दाबले, पण तोंड काही दाबले नाही. "मग चुनशंगदादाचा मामा का नाही देत मेंढी?"

मी तिच्या पाठीत धपाटा घातला, पण प्रश्न तोंडातून निघून गेला होता. फंगयिंगचे हात कणकेत थांबले. चुनशंग कोपऱ्यात घेवडे निवडत होता. वर न बघताच तो म्हणाला, "मला मेंढी आवडतच नाही. मला साळिंदर आवडतं." मला फार वाईट वाटले. एवढ्याशा पोराने इतके शहाणे असू नये.

मेंढीवाचून निभावले होते. कुलूप उघडायच्या दिवशी तसे निभावणार नव्हते. सगळ्या गावासमोर पोराला उभे राहायचे, आणि आजोळचे कडे नाही म्हणजे या पोराच्या आईला माहेर नाही, हे त्याच्या तोंडावर सांगितल्यासारखे. निमंत्रण द्यायला आईने स्वतः माहेरी जायची रीत. फंगयिंगला उंबरा नव्हता, म्हणून थान गेला. परत आला तेव्हा आम्ही दोघी दारातच उभ्या होतो.

"काय म्हणाला?" तिने विचारले.

"कडबा कापत होता. मी दिवस सांगितला. त्यानं ऐकलं."

"मग?"

"मग कडबा कापायला लागला."

"म्हणजे येणार का नाही येणार?"

"ते कडब्याला विचारायला हवं होतं," थान म्हणाला. तो असे क्वचितच बोलतो, आणि बोलल्यावर स्वतःच घाबरतो. फंगयिंगने त्याला काही म्हटले नाही, यावरून मला तिची अवस्था कळली.

वाढदिवस आला तेव्हा अंगणातली बोरे लाल होऊन वाळत घातली होती. आदल्या दिवशी दुपारी तिने मला हाक मारली. आत गेले तर मोठी परात भरून पीठ, आणि ती आंबवणाचा जुना गोळा कोमट पाण्यात कुस्करत होती.

"दादाकडून पीठ आलं," ती म्हणाली.

मी पिशवीकडे पाहिले. ती तिचीच होती, कोपऱ्यात मीच ठिगळ लावलेली. मी बाह्या वर केल्या आणि मळायला बसले. खरे सांगायचे तर मला बरेच वाटले. अकरा वर्षे तिने स्वतःला तसूभर सूट दिली नव्हती, आता पोरासाठी देत होती, तर मी कोण नाक मुरडणारी.

पोरे जमली तर तिने हाकलून लावली. मोठे कडे वाफेवर असताना चुलीपाशी कुणी वेडेवाकडे बोलू नये, अशी आमच्याकडे समजूत आहे, तेवढे निमित्त पुरले. त्या दिवशी गोष्टही नव्हती. मांडीएवढ्या जाडीचे कडे तिने वळले, त्यावर एकेक जनावर बसवले. सशाचे कान, सापाचे वेटोळे, कोंबड्याचा तुरा. ससा केला की चंद्रावरच्या सशाची गोष्ट यायचीच, इतक्या वर्षांत चुकली नव्हती. त्या दिवशी ससा मुकाट्याने कड्यावर जाऊन बसला. वाघ करताना तिने त्याचे नाक मुरडले नाही. सरळ ठेवले, मग लांबून पाहिले, मग ओठ घट्ट मिटून मुरडले. तसे केल्याशिवाय तिला वाघ करताच येत नाही.

झाकण काढले तेव्हा कडे पांढरेशुभ्र, गुळगुळीत, फुगून टम्म. तिच्या हातून याहून चांगले झालेले मी पाहिले नाही. चुनशंग दारात येऊन उभा राहिला होता. त्याने कड्याकडे पाहिले, आईकडे पाहिले आणि म्हणाला, "मामानं छान केलंय." फंगयिंग वाफेकडे तोंड करून उभी राहिली. डोळे पुसायला वाफेचे निमित्त बरे असते.

दुसऱ्या दिवशी अंगणात मेज मांडले. गाव जमला. कुलूप उघडायचे काम न्यू आजीचे. नवरा, मुले, नातवंडे सगळे धडधाकट असलेली म्हातारी आमच्याकडे यासाठी बोलावतात, आणि न्यू आजीचे सगळेच धडधाकट आहे, जीभ सर्वांत जास्त. कुलूप उघडताना आशीर्वादाची कडवी म्हणायची असतात. त्यातली निम्मी ती गाळते, कारण तिला जेवायची घाई असते. तिने मेजावरच्या कड्याभोवती एक फेरी मारली.

"मानथांगनं पाठवलं म्हणतेस? मग स्वतः कुठाय?"

"त्याचा गुडघा धरलाय," फंगयिंग म्हणाली. "सकाळी कुणाच्या तरी हाती पाठवलं."

न्यू आजी वाघाच्या नाकापाशी वाकली. "हात चांगला बसलाय हो त्याचा. अगदी बहिणीवर गेलाय."

कुणी हसले नाही. ज्याला त्याला अचानक आपल्या चहात काहीतरी दिसायला लागले. फंगयिंगने मान ताठ ठेवली होती. चुनशंग नवा सदरा घालून मेजापाशी उभा होता, गळ्यातल्या कुलपाशी चाळा करत. न्यू आजीने किल्ली हातात घेतली.

तेवढ्यात फाटकातून सायकल आत आली. सायकलवर कुणी बसलेले नव्हते. मागच्या कॅरिअरवर रजईत गुंडाळलेले काहीतरी मोठे बांधलेले, आणि एक रुंद खांद्यांचा माणूस ती सायकल हाताने धरून चालत आणत होता. धक्का लागू नये म्हणून तो हचियाहून इथवर चालतच आला होता. मी त्याला बाजारात लांबून पाहिलेले, म्हणून ओळखले.

"उशीर झाला," मानथांग म्हणाला. कुणाला म्हणाला ते कळले नाही. "पहिलं फुगलंच नाही. दुसरं करावं लागलं."

त्याने दोऱ्या सोडल्या, रजईसकट ते मेजावर आणले आणि उघडले. पीठ नीट आंबले नव्हते, आणि सोडा इतका पडला होता की कडे हळदीसारखे पिवळे झाले होते. एका बाजूला जाड, दुसऱ्या बाजूला मनगटाएवढे बारीक. वाफेत पाव तडकला तर आम्ही तडकला म्हणत नाही, हसला म्हणतो. हे कडे तीन ठिकाणी खदखदून हसले होते. वरची जनावरे कोण कोणते ते त्यालाच ठाऊक. घोड्याचे म्हणून जे होते त्याचा एक डोळा वाटेत पडला होता. मानथांगच्या बोटांवर वाफेने भाजल्याचे लाल चट्टे होते आणि बाहीच्या शिवणीत कणीक वाळून बसली होती.

मग त्याला मेजावरचे दुसरे कडे दिसले.

"हे कुणाकडचं?" त्याने विचारले.

अंगणातल्या सगळ्यांच्या नजरा फंगयिंगकडे वळल्या. मला वाटले, आता हा जाणार. याने सायकल वळवली की पुन्हा या जन्मी येत नाही. फंगयिंग एक शब्द खोटा बोलली असती, शेजारणीने दिले, चुलत्यांनी दिले, तर आम्ही सगळ्यांनी माना डोलावल्या असत्या. मी तर डोलावायला तयारच होते.

"माझं," ती म्हणाली. "मी केलं. माझ्याच पिठाचं. आणि लोकांना तुझं म्हणून सांगितलं."

"मी येणार नाही असं धरून चाललीस."

"बारा वर्षं आलास का तू? एक मेंढी पाठवलीस? सगळ्या गावच्या मेंढ्या मी करत होते, दादा, आणि माझं पोर घेवडे निवडत बसायचं."

मानथांग आपल्या हातांकडे बघत राहिला. "केल्या होत्या," तो म्हणाला. "तुझी वहिनी गेल्यावर दर साली करून बघायचो. कुत्र्यासारख्या दिसायच्या. दुसऱ्या कुणाकडून करून घ्यावं, तर ज्याला विचारावं तो म्हणायचा, फंगयिंगकडे जा." मग मान वर करून म्हणाला, "तुझ्या दारात कुत्री पाठवायची का मी मेंढ्या म्हणून?"

मला हे सगळे पटले असे नाही. वहिनी होती तेव्हा तरी कुठे आली होती मेंढी? त्यात अर्धा ताठा होताच. पण उरलेला अर्धा खरा होता. ते त्याच्या भाजलेल्या बोटांकडे पाहून कुणालाही कळले असते.

"त्या कुत्र्यांचं काय केलंस?" चुनशंगने विचारले. मामाशी तो पहिल्यांदाच बोलत होता.

"खाल्ली," मानथांग म्हणाला. "वाईट होती." मग बहिणीकडे वळला. "तुझंच घाल पोराच्या गळ्यात. चारचौघांत शोभेल तरी."

"माझ्या हातचं तो रोज खातो," फंगयिंग म्हणाली. तिने आपले कडे उचलले आणि आत कांगवर ठेवून आली. येऊन पिवळ्या कड्याला दोन्ही बाजूंनी हात घातला आणि उचलले. ते त्याच्या सर्वांत मोठ्या हसण्यापाशी मोडले. एका जागी मोडून तोंड वासून तिच्या हातांत लोंबायला लागले.

बायांनी तोंडावर हात ठेवले. मोडलेले कडे गळ्यात घालणे बरे नाही, हे सांगायला कुणाची गरज नव्हती. मानथांगचा चेहरा बघवेना. एवढा थोराड माणूस, पण चुकून भांडे फोडलेल्या मुलासारखा उभा होता.

"सोडा कुणी सांगितला इतका?" फंगयिंग म्हणाली.  "आणि वळताना पाण्याचा हात लावला नाहीस. कोरडं वळलंस. चिकटणार कसं ते? ये इकडे. हे टोक तू धर."

"काय?"

"टोक धर म्हणते ना. मी हे धरते. चुनशंग, ये मध्ये."

चुनशंग मध्ये येऊन गुडघ्यांवर बसला. दोघांनी ते कडे त्याच्या गळ्याभोवती आणले आणि मोडलेली टोके त्याच्या मानेमागे एकमेकांना लावून धरली. मानथांगची बोटे आणि तिची बोटे एकमेकांत अडकली, तेव्हा कुठे फट बुजली. थान बाजूला उभा राहून तोंड पुसत होता. पोराने मान इतकी स्थिर ठेवली होती की श्वासही घेतो की नाही असे वाटावे.

न्यू आजीने किल्ली फिरवली. कुलूप उघडले. तिने कडवी म्हणायला सुरुवात केली. पोराला बैलाचे बळ येवो, सशाचे पाय येवोत, एकेका जनावराचे एकेक. कडे जड होते. थोड्या वेळाने मानथांगचे हात थरथरायला लागले.

"दुखत असतील तर सांग," फंगयिंग हळूच म्हणाली.

"तू तुझं नीट धर," तो म्हणाला.

न्यू आजीने त्या दिवशी एकही कडवे गाळले नाही. शेवटचे म्हणून झाल्यावर तिने त्या दोघांच्या हातांकडे एकदा पाहिले, घसा खाकरला आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू केले. जेवण गार होत होते, पण तिला कुणी थांबवले नाही.